बेखमीर भाकरीची दोन कारणे : निर्गमकथेतील एक विसंगती आणि कोकणातील बेने इस्राएल

मिसर देशातील दास्यातून इस्राएल लोक बाहेर पडले, त्या घटनेचे बायबलमधील वृत्तांत परस्परांशी सर्वत्र जुळत नाहीत. परदेशातील दास्याचा काळ ‘उत्पत्ती’मध्ये (१५:१३) ४०० वर्षे सांगितला आहे, ‘निर्गमा’त (१२:४०) मिसरातील वास्तव्य ४३० वर्षांचे दिले आहे. फारोने लोकांना स्वतःच निघून जाण्यास सांगितले असे बाराव्या अध्यायात म्हटले असून, चौदाव्या अध्यायात मात्र ते पळून गेल्याची वार्ता त्याच्या कानी जाते. असल्या विसंगतींची यादी लांबविता येईल. पण तीतून फारसे निष्पन्न होत नाही. एक विसंगती मात्र निराळ्या कोटीतील आहे, कारण तिचा संबंध घटनेच्या तपशिलाशी नसून प्रत्यक्ष आचाराशी आहे.

वल्हांडणाच्या सणात बेखमीर भाकर का खावयाची? बाराव्या अध्यायाच्या उत्तरार्धात (१२:३४, ३९) याचे कारण कथारूपाने येते. मिसरी लोकांनी घाई केल्यामुळे कणीक फुगण्यास अवधी मिळाला नाही, म्हणून तशाच भाकरी भाजाव्या लागल्या. हे स्वाभाविक वाटते. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभी (१२:८, १५), म्हणजे प्रयाणापूर्वीच, बेखमीर भाकर खाण्याची आणि सात दिवस खमीर घरातून काढून टाकण्याची आज्ञा झालेली आहे. आज्ञा आधीच होती, तर घाई हे कारण उरत नाही. आणि घाईमुळे तसे घडले असेल, तर आधीच्या आज्ञेचे प्रयोजन काय? ‘अनुवादा’त (१६:३) हीच भाकर ‘दुःखाची’ म्हटली असून तिथेच घाईचाही उल्लेख आहे.

एकोणिसाव्या शतकातील चिकित्सक अभ्यासकांनी, विशेषतः वेलहाउझेन याने, हा अध्याय भिन्नकालीन लेखनाचा संकलित पाठ मानला. आरंभीची विधिवाक्ये पुरोहितपरंपरेची व पलायनाची कथा त्याहून जुनी, अशी ती उपपत्ती होय. ‘लेवीय’ ग्रंथात (२३:५-६) वल्हांडण चौदाव्या तिथीस आणि बेखमीर भाकरीचा सण पंधराव्या तिथीस सांगितला आहे. त्यावरून हे मुळात दोन स्वतंत्र सण होते, एक मेंढपाळांचा व दुसरा शेतकऱ्यांचा, असेही अनुमान करण्यात आले. या विभागणीतील बारकावे आज सर्वमान्य राहिलेले नाहीत. तथापि आचार आधीचा आणि त्याची कारणमीमांसा मागाहूनची असू शकते, हा तिच्यातील मुद्दा विचारार्ह आहे. मेळ घालण्याचा उद्योग, गंमत अशी की, बायबलमध्येच सुरू झालेला दिसतो. कोकरू पाण्यात शिजवू नये, विस्तवावर भाजावे, असे ‘निर्गम’ (१२:९) सांगतो; ‘अनुवाद’ (१६:७) मूळ हिब्रूत ‘शिजवावे’ या अर्थाचेच क्रियापद वापरतो; आणि ‘दुसरा इतिहास’ (३५:१३) दोन्ही एकत्र करून ते ‘विस्तवावर शिजविले’ असे लिहून मोकळा होतो!

या मुद्द्याच्या दृष्टीने कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यातील बेने इस्राएल समाजाचे उदाहरण महत्त्वाचे ठरते. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे व शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ या नावाने ओळखले जाणारे हे लोक दीर्घकाळ हिब्रू ग्रंथांपासून दुरावलेले होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या व १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेल्या इतिहासात वल्हांडणाचे जुने स्थानिक नाव ‘अनाशी धाकाचा सण’ असे दिले आहे. आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा सण, असा त्याचा अर्थ ते सांगतात. या नावात मिसर नाही, फारो नाही, घाईही नाही. आहे ते स्वयंपाकघरातील एक भांडे. कोकणातील रोजची तांदळाची भाकरी मुळातच बेखमीर असल्यामुळे आंबटाचा निषेध भाकरीवरून त्या भांड्याकडे वळला असावा, असा तर्क करता येतो. केहिमकरांचे लेखन धार्मिक पुनरुज्जीवनानंतरचे आहे, हे लक्षात घेऊनच हा पुरावा वापरावयास हवा. तथापि कथा विसरल्यावरही आचार टिकू शकतो, एवढे तरी या नावावरून संभवनीय ठरते.

कथा परत आली ती प्रामुख्याने कोचीनचे यहुदी गुरू आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळा व मराठी बायबल यांच्या द्वारे. जॉन विल्सन यांचे मराठीतील हिब्रू व्याकरण १८३२ चे. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हगादा हिब्रू मूळ व मराठी भाषांतरासह छापली गेली. हगादेत दोन्ही कारणे नांदतात : आरंभी ही भाकर पूर्वजांनी मिसरात खाल्लेली दैन्याची भाकर आहे, आणि पुढे तीच कणीक फुगण्याआधी झालेल्या सुटकेची खूण आहे. ‘निर्गमा’च्या बाराव्या अध्यायातील पेच अशा रीतीने मराठीत उतरला, आणि न सोडविताच उतरला. १८७४ मध्ये पुण्यास निघालेल्या सचित्र मराठी हगादेत ही भाकर तयार करणाऱ्या स्त्रिया जमिनीवर बसलेल्या असून त्यांच्या अंगावर लुगडी आहेत.