किंग्ज सॉम्बोर्न चर्च ऑफ इंग्लंड प्राथमिक शाळा

किंग्ज सॉम्बोर्न चर्च ऑफ इंग्लंड प्राथमिक शाळा ही इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील किंग्ज सॉम्बोर्न या खेड्यातील चर्चशी संलग्न प्राथमिक शाळा आहे. हे खेडे टेस्ट नदीच्या खोऱ्यात, विंचेस्टर शहराच्या पश्चिमेस वसले आहे. शाळेची स्थापना १८४२ मध्ये गावचे धर्मगुरू रिचर्ड डॉज (१७९३–१८६७) यांनी केली. शेतमजुरांच्या मुलांना दैनंदिन जीवनातील वस्तूंच्या आधारे विज्ञान शिकविण्याच्या प्रयोगामुळे ही शाळा इंग्लंडच्या शैक्षणिक इतिहासात महत्त्वाची मानली जाते.

पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये गरिबांच्या शिक्षणासाठी चर्चच्या पुढाकाराने १८११ मध्ये 'नॅशनल सोसायटी' स्थापन झाली. तिच्या शाळांत मोठ्या विद्यार्थ्यांनी लहानांना शिकविण्याची पद्धत रूढ होती. या पद्धतीचे प्रवर्तक अँड्र्यू बेल यांना ती मद्रास येथील अनाथालयात काम करताना सुचली, म्हणून तिला 'मद्रास पद्धत' असेही म्हणत. थोड्या खर्चात पुष्कळ मुले शिकत असली, तरी शिक्षणाचा भर पाठांतरावर राही. शाळागृहांसाठी सरकारी अनुदान १८३३ पासून मिळू लागले.

स्थापना

डॉज हे केंब्रिज विद्यापीठात शिकलेले गणितज्ञ होते. तेथील डाउनिंग कॉलेजात अध्यापन केल्यानंतर ते किंग्ज सॉम्बोर्नचे धर्मगुरू झाले. गावात मुख्यतः शेतमजुरांची वस्ती होती व दारिद्र्य मोठे होते. शिक्षण पूर्णपणे दानावर चालल्यास पालकांना त्याची किंमत वाटत नाही, असे डॉज यांचे मत होते. त्यामुळे त्यांनी ऐपतीनुसार शुल्क ठेवले. मजुराच्या पहिल्या मुलासाठी आठवड्याला २ पेन्स, तर सधन शेतकऱ्यांच्या मुलांसाठी तिमाहीस ६ शिलिंग आकारले जात. पुस्तके पालकांनी विकत घ्यावीत, असा आग्रह असे. दोन्ही वर्गांची मुले एकाच वर्गात, एकच अभ्यास करीत. वर्गभेद तीव्र असलेल्या त्या काळात ही गोष्ट असामान्य होती. अन्य ख्रिस्ती पंथांच्या कुटुंबांवर चर्चच्या प्रश्नोत्तरीची सक्ती नव्हती. पुढील आठ वर्षांत पटसंख्या अनेक पटींनी वाढली.

अध्यापनपद्धती

'सामान्य वस्तूंचे विज्ञान' हे शाळेचे वैशिष्ट्य होते. फावडे, कात्री व ढकलगाडी यांवरून तरफेचे तत्त्व, चहाच्या किटलीवरून उष्णतेचे वहन व उत्सर्जन, तर पंपावरून हवेचा दाब समजावून दिला जाई. वर्गखोलीची लांबी-रुंदी मोजून मुले क्षेत्रफळ व घनफळ काढीत. वाचन, लेखन व अंकगणित हे विषय या निरीक्षणांशी जोडलेले असत. डॉज यांनी या अनुभवावर आधारित 'सजेस्टिव्ह हिंट्स' हे शिक्षकोपयोगी पुस्तक १८४७ मध्ये प्रसिद्ध केले.

प्रभाव

सरकारी शाळा-निरीक्षक हेन्री मोझली यांनी आपल्या अहवालांत या शाळेची प्रशंसा केली. त्यामुळे एका खेड्यातील शाळेकडे देशभरातील शिक्षणतज्ज्ञांचे लक्ष वेधले गेले. सामान्य वस्तूंचे ज्ञान असणाऱ्या शिक्षकांसाठी लॉर्ड ॲशबर्टन यांनी १८५३ च्या सुमारास पारितोषिके जाहीर केली. डॉज १८५० मध्ये हेरफर्डच्या कॅथीड्रलचे डीन झाले व गाव सोडून गेले.

ऱ्हास आणि नंतरचा काळ

'परीक्षेच्या निकालानुसार अनुदान' हे तत्त्व १८६२ च्या सुधारित संहितेने लागू केले. अनुदान मुख्यतः हजेरी आणि वाचन, लेखन व अंकगणित यांच्या परीक्षेवर अवलंबून राहिल्याने विज्ञान शिकविण्यात शाळांचा आर्थिक लाभ उरला नाही. परिणामी सामान्य वस्तूंच्या विज्ञानाची चळवळ इंग्लंडच्या प्राथमिक शाळांतून जवळजवळ लोपली. एखादी शिक्षणपद्धती वर्गात यशस्वी झाली, तरी अनुदानाच्या नियमांमुळे ती मागे पडू शकते, याचे उदाहरण म्हणून शिक्षणाच्या इतिहासात या घटनाक्रमाकडे पाहिले जाते. किंग्ज सॉम्बोर्नची शाळा मात्र टिकून राहिली आणि पुढे सार्वजनिक शिक्षणव्यवस्थेचा भाग बनली.