केदारची वाट, शके १८१७

पौषातली दुपार आहे. वाईच्या मधल्या आळीत एका ओटीवर तुम्ही बसला आहात. अंगात बंडी, खांद्यावर उपरणे. इसवी सन १८९५ नुकतेच उजाडले आहे. समोर देवप्रयागचे पंडाजी पान जुळवत बसले आहेत. वर बर्फ पडून देवळे मिटली की ही मंडळी डोंगर उतरून खाली येतात आणि यजमानांची घरे फिरतात. दाराआड लाल आलवणातली तुमची आत्या कान देऊन उभी आहे. केदारनाथाला जायचे तिने मनात धरले आहे आणि तिला नेणार तुम्ही.

तुम्ही ज्या काळातून आलात तिथे यात्रेची तयारी तारखांपासून सुरू होते. रजा किती, विमान कुठवर, मुक्काम कुठे. इथे पंडाजी पहिला प्रश्न विचारतात, "यजमान, हाताशी महिने किती आहेत?"

तुम्ही आत्याकडे पाहता. ती म्हणते, "चैत्रात निघू. आषाढीच्या आत घरी आलो नाही तरी कुणाचं काही अडत नाही."

पंडाजींना हेच उत्तर हवे होते. ते वाट सांगू लागतात. हरिद्वारपासून केदारनाथ दीडशे मैलांच्या आसपास. चाल रोजची आठ-दहा मैल, त्याहून जास्त नाही. म्हणजे नुसती चढती वाट अडीच-तीन आठवड्यांची. मग उखीमठ, तुंगनाथ, चमोली, जोशीमठ करत बद्रीनाथ, आणि परत. ते चट्ट्यांची, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामांची, नावे घेतात, फूलचट्टी, मोहनचट्टी, बिजनी, महादेवचट्टी, व्यासघाट, आणि तुमचा हात ती भराभर मोडीत टिपून घेतो. मंदिर कधी उघडणार, हे महाशिवरात्रीला उखीमठात ठरेल. ठरले की पंडाजी पाव आण्याचे कार्ड टाकतील. त्या कार्डावरच तुमचे निघणे ठरणार आहे.

आता घर लावायचे. शेताचा खंड कोण वसूल करील, देवपूजा कोण करील, गाईचे काय, हे सगळे ठरते. आत्या आपले दोन दागिने आणि भांडी कुणाला द्यायची ते कागदावर लिहून घेते, दोन साक्षीदारांच्या सह्या घेते. यात रडारड नाही. यात्रेला निघणाऱ्याने मागची देणीघेणी मिटवून जावे ही रीत आहे, आणि ती पाळली की पाय मोकळे होतात, असे ती सांगते.

पैशांचे दोन भाग होतात. थोडे चांदीचे रुपये कमरेच्या कशात, बाकीच्यांची हरिद्वारच्या पेढीवर हुंडी. सामानाबाबत पंडाजींची ताकीद आहे, ओझे कमी. दोन घोंगड्या, कानटोपी, तांब्या, काठी, जाड तळाच्या वहाणांचे दोन जोड. मेतकूट, सुंठ, ओवा, हिंग, कोरडे तिखट. पातेली-पराती मात्र घ्यायच्या नाहीत. का, ते वाटेवर कळेल.

मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नाही, म्हणून एक गाठोडे शेजारच्या घरी नेऊन प्रस्थान ठेवले जाते. संध्याकाळी आळीतल्या बायका येतात. कुणी केदाराला वाहायला पैसा देते, कुणी बद्रीनारायणाला सुपारी, कुणी हरिद्वारला सोडायच्या अस्थी. प्रत्येकीचे नाव आत्या वेगळ्या पुरचुंडीला बांधते. तुमच्या लक्षात येते की दोघे निघाला असलात तरी अख्खी आळी तुमच्याबरोबर निघाली आहे.

वाईहून छकड्याने वाठार, तिथून आगगाडी. पुणे, कल्याण, भुसावळ, इटारसी, झाशी, आग्रा. गाड्या बदलत, फलाटांवर घोंगडी अंथरत, लक्सरला शेवटची गाडी धरून तुम्ही हरिद्वारला उतरता. इथवर आगगाडी येऊन जेमतेम दशक झाले आहे. तुमच्या पणजोबांनी हे सारे अंतर पायी कापले होते.

हर की पैडीवर बुडी मारताना पाणी हाडांत शिरते. स्नान करून आलेल्या गर्दीत एक दबलेली भीतीही आहे. तीन वर्षांपूर्वी, १८९२ च्या मेळ्यात इथे पटकी उसळली, सरकारने यात्रेकरूंना हुसकून लावले, आणि साथ त्यांच्याबरोबर दूरवर गेली. रॉबर्ट कोखने या रोगाचा जंतू १८८४ सालीच दाखवून दिला आहे, पण ती गोष्ट अजून या घाटापर्यंत आलेली नाही. ती फक्त तुम्हांला ठाऊक आहे.

हृषीकेशात काळी कमलीवाल्या बाबांचे सदावर्त लागते. ज्याच्याजवळ काही नाही अशा साधूला आणि गरिबाला इथून पुढच्या वाटेवर शिधा मिळावा, ही त्या माणसाची तळमळ. त्यांच्याच सांगण्यावरून कलकत्त्याच्या सूरजमल झुनझुनवाला या शेटजींनी १८८९ साली लक्ष्मणझुल्यावर लोखंडी तारांचा पूल बांधून दिला. त्याआधी इथे दोरांचा झुला होता. तुम्ही पुलाच्या मध्यावर येता, खाली गंगा हिरवीगार घुसळते आहे, पूल किंचित हलतो. आत्या थांबते, पैसा सोडते आणि पुढे पाऊल टाकते.

पहाटे चांदण्या असताना निघायचे, ऊन चढायच्या आत चट्टी गाठायची, स्वयंपाक, जेवण, झोप, आणि उतरत्या उन्हात पुन्हा चाल. चट्टी म्हणजे दगडी भिंती, गवताचे छप्पर आणि पुढची बाजू सताड उघडी. ओट्यावर मातीने सारवलेल्या चुलींची रांग. कडेला दुकानदार बसलेला. त्याच्याकडून आटा, डाळ, तूप, मीठ, लाकूड घेतले की तो परात, पातेले, तवा हाती ठेवतो. भांड्यांचे भाडे नाही, राहण्याचे भाडे नाही. जेवण झाल्यावर राखेने घासून भांडी परत करायची, की पाठोपाठ येणाऱ्या बंगाली कुटुंबाच्या चुलीवर तीच चढतात. पुढच्या चट्टीवरही हेच. ओझे कमी ठेवा म्हणून पंडाजी इतके खात्रीने का सांगत होते, ते आता उमगते.

तुम्ही पाणी उकळायला ठेवता. आत्याला ते पटत नाही.

"पाणी कशाला तापवतोस? गंगेचंच आहे ना ते?"

"आत्या, थंडी बाधू नये म्हणून. सुंठ घातलीय."

"मग दे," ती म्हणते, आणि पुढच्या प्रत्येक चट्टीवर स्वतःच विचारते, "सुंठीचं पाणी ठेवलंस का?"

देवप्रयागला फेसाळती भागीरथी आणि संथ अलकनंदा एकमेकींत मिसळतात. साखळीला धरून संगमावर स्नान होते. मग पंडाजींच्या घरी लांबट वह्यांचा गठ्ठा सोडला जातो. ते जिल्हा, गाव, कुळ विचारतात आणि पाने उलटत जातात. एका पानावर बोट थांबते. शाई तपकिरी पडली आहे, पण मोडीचे वळण स्पष्ट आहे. तुमच्या पणजोबांचे नाव, बरोबरच्या माणसांची नावे, आणि सगळे सुखरूप परत आल्याची एक ओळ. आत्या त्या ओळीवर बोट फिरवते. वाचता तिला येत नाही, म्हणून ती तुम्हांला पुन्हा वाचायला लावते. खाली कोऱ्या जागेत तुम्ही तिचे नाव लिहिता. त्या पानावर पहिल्यांदाच एका बाईचे नाव येते.

श्रीनगरला पोहोचता तेव्हा मैलभर नुसती वाळू आणि गोटे दिसतात. गढवालच्या राजांची ही जुनी राजधानी गेल्या ऑगस्टपर्यंत उभी होती. १८९३ च्या सप्टेंबरात वर बिरही गंगेच्या खोऱ्यात अख्खा डोंगर कोसळला, नदी अडली आणि मागे गोहना ताल साठू लागला. पाणी कधी ओसंडेल याचा अंदाज पुलफोर्ड नावाच्या इंजिनिअरने महिनोन्महिने आधी बांधला. तलावावर माणूस नेमला, तिथून खालपर्यंत तार टाकली, काठची वस्ती उंचावर हलवली. १८९४ च्या ऑगस्टअखेरीस एका रात्री बांध फुटला आणि अलकनंदेने हे शहर धुऊन नेले. पण एवढ्या प्रलयात दगावली ती फक्त पाच माणसे, इशारा मिळूनही बांधाच्या पायथ्याशी परत गेलेला एक फकीर आणि त्याचे कुटुंब.

वर, काठापासून दूर, नव्या श्रीनगरची आखणी चालू आहे. गवंड्यांचे हातोडे ऐकू येतात. वाळूतून चालताना हे मनात पक्के ठेवा. डोंगर कोसळणारच होता, ते कुणाच्या हाती नव्हते. माणसे वाचली, कारण कुणीतरी पाण्यावर नजर ठेवली, बातमी वेळेत खाली आली आणि लोकांनी ती मानली.

रुद्रप्रयागपासून वाट मंदाकिनीच्या कुशीत वळते. अगस्त्यमुनी, गुप्तकाशी. हवेतला उकाडा जातो, देवदार आणि बुरांस दिसू लागतात. तीन आठवड्यांपूर्वी घाट चढताना धापा टाकणारी आत्या आता बोलत बोलत चढते. रोजच्या थोड्या थोड्या चालीने तिचे शरीर या उंचीला तयार होत आले आहे. हरिद्वार हजार फुटांवर होते, गौरीकुंड साडेसहा हजारांवर आहे.

गौरीकुंडाच्या गरम पाण्यात पाय शेकून झाल्यावर मात्र ती कंडीत बसायला कबूल होते. पाठीवरच्या वेताच्या टोपलीत माणूस बसवून डोंगर चढणारा कंडीवाला तिला अलगद उचलतो. कंडीत तोंड मागच्या बाजूला येते, त्यामुळे ती तुमच्याकडे आणि चढून आलेल्या वाटेकडे पाहत वर जाते. कंडीवाला दर काही पावलांवर टेकणकाठी खाली लावून उभ्या उभ्या विसावतो. ती प्रत्येक वेळी त्याला विचारते, "जड होते का रे बाबा?" त्याला मराठी येत नाही, पण तो हसून मान हलवतो.

रात्र रामबाड्याला. उंची नऊ हजार फुटांच्या आसपास. पंडाजींनी हा मुक्काम मुद्दाम घातला आहे, एका दमात वर जाऊ नये म्हणून. तुम्ही या चट्टीवर आडवे होता आणि झोप येत नाही. २०१३ च्या जूनमध्ये, १६ आणि १७ तारखेला, अतिवृष्टीने आणि मंदिरामागचा चोराबारी तलाव फुटल्याने ही जागा नकाशावरून पुसली जाणार आहे. हजारो माणसे जातील. यात्रेकरूंपर्यंत वेळेत इशारा पोहोचणार नाही. पुढे वाटच नदीच्या पलीकडच्या काठाने काढावी लागेल. आज इथे चुली पेटल्या आहेत, कुणी भजन म्हणते आहे. श्रीनगरची वाळू तुम्हांला आठवते. कितीतरी मैल दूरच्या वस्तीपर्यंत बातमी नेणारी तार त्या काळीही टाकता आली होती.

पहाटे बर्फावरून चढून तुम्ही मंदिरासमोर येता. दगडी चिऱ्यांचे भक्कम देऊळ, दार दक्षिणेला, बाहेर नंदी, मागे हिमशिखरे. अहिल्याबाई होळकरांनी या वाटेवर धर्मशाळा बांधल्या. चौंडीत जन्मलेल्या बाईंचे नाव या उंचीवर ऐकताना आत्याचा ऊर भरून येतो. गाभाऱ्यात शंकराची पिंडी नेहमीसारखी नाही, ती डोंगराच्या उतारासारखी त्रिकोणी शिळा आहे. भक्त तिला तूप चोळतात आणि मिठी मारतात. आत्या तळहातावर तूप घेते, शिळेला लावते, मग दोन्ही हात पसरून कपाळ टेकते. त्यानंतर केदाराची एकेक पुरचुंडी सोडून ती देणाऱ्या प्रत्येकीचे नाव घेते. एकही चुकत नाही.

इथून तुम्ही आपल्या काळात या. वाटेवर आता मोटार येते, गौरीकुंडापासून साधारण सोळा किलोमीटर चाल उरते, आणि हेलिकॉप्टर फाट्याहून काही मिनिटांत ३,५८३ मीटरवर नेऊन सोडते. शरीर मात्र आत्याचेच आहे. त्याला चढायला दिवस लागतात.

म्हणून बेत आखताना आधी दिवस सोडा. उत्तराखंड सरकारकडची नोंदणी करा, पन्नाशीच्या पुढच्यांची आणि दम्याच्या, हृदयाच्या रुग्णांची तपासणी घरीच करून घ्या. गुप्तकाशीला एक रात्र, गौरीकुंडाजवळ एक रात्र, आणि कशातच न धरलेला निदान एक मोकळा दिवस ठेवा. चढण पहाटे सुरू करा, डोंगरात दुपारनंतर हवा फिरते. वर डोके ठणकू लागले, उलटी झाली, बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट न पाहता खाली उतरा. त्यावर पहिला उपाय उतरणे हाच आहे. ज्येष्ठात पाऊस लागायच्या आत परत फिरता येईल असा बेत ठेवा, परतीचे तिकीट बदलता येईल असे काढा. आणि हवामान खात्याचा इशारा आला, गुप्तकाशीहूनच मागे वळावे लागले, तर यात्रा फुकट गेली असे मनात आणू नका. मंदिराचे दार दर वर्षी उघडते. तुम्ही आणि तुमच्याबरोबरची म्हातारी माणसे त्या दाराशी धडधाकट पोहोचायला हवीत.