चौकातला बोर्ड ते जागतिक अजिंक्यपद : कॅरमची वाटचाल

उल्हासनगरच्या कॅम्पांतल्या गल्ल्या असोत, अंबरनाथच्या कामगार वसाहती असोत की बदलापुरातल्या नव्या सोसायट्या, मंडळाच्या खोलीत कॅरमचा बोर्ड ठरलेलाच. नियम मात्र खोलीगणिक वेगळे. कुठे राणीचे पाच गुण, कुठे अंगठ्याने मारायला बंदी, कुठे पंचविसाऐवजी एकोणतीसचा गेम. असा खेळ गल्लीबाहेर पडायचा, तर आधी सगळ्यांना मान्य होईल अशी चौकट हवी होती.

ती चौकट 1956 मध्ये चेन्नईत (तेव्हाच्या मद्रासमध्ये) स्थापन झालेल्या अखिल भारतीय कॅरम महासंघाने घालून दिली. पुढे 1988 मध्ये तिथेच आंतरराष्ट्रीय महासंघही उभा राहिला. बोर्डाचा खेळण्याचा भाग 73.5 ते 74 सेंटिमीटर, स्ट्रायकर जास्तीत जास्त 15 ग्रॅम, राणीचे तीन गुण आणि पंचवीस गुण किंवा आठ बोर्डांचा गेम हे ठरून गेले. मग अंबरनाथच्या पोराला चेन्नईच्या खेळाडूसमोर बसताना काही नव्याने शिकावे लागेना.

1991 मध्ये दिल्लीला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि चेन्नईच्या मारिया इरुदयम यांनी ती जिंकली. 1996 मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. महाराष्ट्रही मागे राहिला नाही. पुण्याच्या योगेश परदेशींनी जागतिक विजेतेपद मिळवले. 2016 मध्ये बर्मिंगहॅमला मुंबईचे प्रशांत मोरे, तर 2022 मध्ये मलेशियात मुंबईचेच संदीप दिवे विजेते ठरले.

पण केवळ कॅरमवर घर चालते का? इथे इंग्लंडच्या डार्ट्सची आठवण होते. तोही पबमध्ये रुजलेला फावल्या वेळचा खेळ. 1973 मध्ये ऑली क्रॉफ्ट या हौशी खेळाडूने लंडनमधल्या आपल्या राहत्या घरातून त्याची राष्ट्रीय संघटना चालवायला घेतली. 1978 पासून जागतिक स्पर्धा भरू लागली, टीव्हीवर दिसू लागली आणि 2025 च्या विजेत्याने पाच लाख पौंड घरी नेले. भिंतीवरचे लक्ष्य आणि खेळाडूचा चेहरा कॅमेऱ्याला सहज एकत्र टिपता येतो. कॅरमचा बोर्ड आडवा, त्यावर दोघे वाकलेले. खुर्चीमागे उभ्या असलेल्या चौघांपलीकडे कुणाला काही दिसत नसे. म्हणून डार्ट्सला टीव्ही मिळाला, कॅरमला नोकरी. मोरे रिझर्व्ह बँकेत, महिला खेळाडूंपैकी रश्मी कुमारी ओएनजीसीत, एस. अपूर्वा एलआयसीत. क्रीडा कोट्यातली नोकरी हाच इथल्या खेळाडूचा व्यावसायिकपणा.

अशा खेळाडूला संघटक होण्यावाचून सुटका नसते. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी तोच स्टँड मांडतो, पाणसळ ठेवून बोर्डाची पातळी बघतो, प्रत्येक बोर्डावर शेड लावलेला दिवा सोडतो. खुर्चीला हात नकोत, पावडरीची गुठळी नको. सकाळी ड्रॉ निघतो. स्वतःचा सामना संपला की तोच शेजारच्या बोर्डावर पंच म्हणून बसतो. स्ट्रोकला पंधरा सेकंदांहून जास्त लागले, तर कालच्या जोडीदारालाही फाउल द्यायला त्याने कचरायचे नसते. आणि पहिल्याच हातात कुणी सगळ्या पांढऱ्या सोंगट्या राणीसह घेतल्या, तर 'व्हाइट स्लॅम'ची नोंद त्यानेच करायची.

आता बोर्डाच्या बरोबर वर कॅमेरा टांगून सामने यूट्यूबवर दाखवले जातात. जी अडचण होती ती सुटली. प्रायोजक मात्र अजून शोधावाच लागतो. तोवर या खेळाची भिस्त स्थानिक मंडळांवरच राहणार. मंडळांनी प्रमाणित बोर्ड ठेवावा, नियमपुस्तिका आणावी आणि दोघा-तिघांना पंच परीक्षेला बसवावे. चांगला पंच नसेल, तर चांगला खेळाडूही गल्लीतलाच राहतो.