परळ, नागाचे विष आणि ॲसिटिलकोलीन

नागदंशाने मृत्यू येतो तो बहुधा श्वास थांबल्यामुळे. आधी पापण्या जड होतात, मग गिळणे व बोलणे अवघड होते आणि शेवटी छातीचे स्नायू हलेनासे होतात. हृदय मात्र काही काळ चालूच राहते. असे का घडते, हे पुरते कळायला विसाव्या शतकाची सत्तर वर्षे गेली. त्यातला सुरुवातीचा एक टप्पा मुंबईच्या परळमध्ये पार पडला.

१८९९ मध्ये वाल्डेमार हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर निवासात आली. मुख्य काम लस तयार करण्याचे. पण तेथील एक डॉक्टर, कॅप्टन जॉर्ज लॅम्ब, सापांच्या विषांकडे वळले. फ्रान्समध्ये आल्बेर काल्मेत यांनी घोड्याच्या रक्तापासून नागविषावर उतारा काढला होता आणि तो कोणत्याही सापाला चालेल असे ते म्हणत. लॅम्ब यांनी, तसेच ऑस्ट्रेलियात मार्टिन यांनी, हे खोडून काढले. नागाचे विष उतरवणारा रक्तद्रव घोणसाच्या विषापुढे हतबल ठरला. घोणसाचे विष रक्त गोठण्याच्या क्रियेत बिघाड करते, नागाचे विष स्नायू लुळे पाडते. दोन्हींवर एकच उतारा कसा चालावा? प्लेगच्या गाजावाजात हे काम झाकले गेले, पण त्याचे मोल कमी नाही. १९२५ मध्ये प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव मिळाले. पुढे येथे तयार झालेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर चालणारे होते, ते याच धड्यामुळे.

विष शरीरात नेमके बसते कोठे, याचा शोध मात्र युरोपात चालला होता. १९०५ मध्ये केंब्रिजच्या लँगली यांनी निकोटीन आणि स्नायू लुळे पाडणारे क्युरारे यांचे प्रयोग करून असे मांडले की स्नायूत औषध पकडणारा एक ‘ग्राही’ पदार्थ असला पाहिजे. १९१४ मध्ये डेल यांनी ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या क्रियांचे दोन गट पाडले. हृदय, आतडी व ग्रंथी यांवरची क्रिया मस्करिनी. हातापायांच्या आणि श्वसनाच्या स्नायूंवरची निकोटिनी. १९२१ मध्ये लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर दाखवले की मज्जातंतूचा निरोप रसायनातून पोहोचतो; ते रसायन पुढे ॲसिटिलकोलीनच ठरले.

तरीही ग्राही कोणाच्या हाती लागला नव्हता. तो सापाने मिळवून दिला. १९६३ मध्ये तैवानमध्ये चांग आणि ली यांनी तिथल्या मण्यारीच्या विषातून एक विषद्रव्य वेगळे केले. ते निकोटिनी ग्राहीला इतके घट्ट चिकटते की सहजी सुटत नाही. १९७० मध्ये पॅरिसच्या शांझ्यो यांनी याच द्रव्याच्या मदतीने विद्युत-ईलच्या वीज निर्माण करणाऱ्या अवयवातून ग्राही ओळखून वेगळा काढला. नागाचे मज्जाविषही याच कुळातले.

आता पुन्हा परळकडे. हाफकिन संस्थेच्या शेजारी १९२६ मध्ये केईएम रुग्णालय उभे राहिले. तेथील सेठ गोरधनदास सुंदरदास महाविद्यालयाचे सातोस्कर आणि भांडारकर यांचे औषधशास्त्राचे पाठ्यपुस्तक पॉप्युलर प्रकाशनाने काढले आणि डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांनी ते घोकले.

अशा पुस्तकांत शिकवल्या जाणाऱ्या कोलिनर्जिक, म्हणजे ॲसिटिलकोलीनच्या मार्गावर काम करणाऱ्या, औषधांचा सगळा व्यवहार नागदंशाच्या उपचारात एकत्र दिसतो. निओस्टिग्मिन हे औषध ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखते. त्यामुळे मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर ॲसिटिलकोलीन साठते आणि ग्राहीवरच्या जागेसाठी विषाशी झगडते. पापण्या उघडू लागतात. पण साठा सर्वत्र वाढतो. लाळ सुटते, पोटात कळा येतात, नाडी मंदावते. म्हणून आधी ॲट्रोपिन टोचतात. ते फक्त मस्करिनी ग्राही अडवते, निकोटिनी ग्राहीला हात लावत नाही. ॲट्रोपिन धोतऱ्यातही असते. शंकराच्या गळ्यात नाग आणि पूजेत धोतरा, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे.

प्रतिविषाचे काम निराळे. रक्तात फिरणारे विष ते बांधून टाकते, पण ग्राहीवर घट्ट बसलेले विष सोडवण्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. उशीर महागात पडतो तो यामुळे. मण्यारीच्या दंशात गोष्ट आणखी बिकट असते. तिचे विष ग्राहीला चिकटतेच, शिवाय मज्जातंतूचे टोकही निकामी करते, तेथून ॲसिटिलकोलीन सुटतच नाही आणि निओस्टिग्मिनला वाढवायला काही उरत नाही. अशा रुग्णाला टोके पुन्हा सावरेपर्यंत यंत्राने श्वास देत राहावे लागते.