पढतमूर्खाचे लक्षण आणि रायपूरचे सप्रे

छत्तीसगडातील मराठी समाजाची पाळेमुळे नागपूरकर भोसल्यांच्या अमलात असली, तरी त्या समाजाने तेथील वाङ्मयाला दिलेले सर्वांत मोठे नाव, म्हणजे माधवराव सप्रे (१८७१–१९२६), हिंदीचे लेखक म्हणूनच ओळखले जाते. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी रामराव चिंचोळकरांसह ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे मासिक पेंड्रा येथून काढले. रायपूरचे वामन बळीराम लाखे त्याचे प्रकाशक होते आणि आरंभीची छपाईही रायपुरातच होई. या मासिकाने ‘समालोचना’, म्हणजे ग्रंथांचे गुणदोष दाखवणारे परीक्षण, हे नियमित काम मानले आणि श्रीधर पाठकांसारख्या प्रतिष्ठित कवीच्या रचनाही त्यातून सुटल्या नाहीत. पैशाअभावी डिसेंबर १९०२ मध्ये ते बंद पडले.

१९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’ या आपल्या साप्ताहिकातील लेखनावरून सप्रे यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली, कुटुंबीयांच्या दबावामुळे त्यांनी माफीपत्र देऊन सुटका करून घेतली आणि पुढे पश्चात्तापाच्या काळात समर्थ रामदासांचा ‘दासबोध’ हिंदीत आणला. या ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात (दशक म्हणजे दहा समासांचा, अर्थात प्रकरणांचा, गट) पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या, म्हणजे शिकूनही मूर्ख राहिलेल्याच्या, लक्षणांचा. आपल्या ज्ञातेपणाच्या जोरावर सर्वांना नावे ठेवणारा तर त्यात येतोच. पण ग्रंथ मुळापासून न पाहता त्याला दूषण देणारा आणि कोणी गुण सांगू लागला की अवगुणच शोधणारा, हाही तेथे पढतमूर्खच ठरतो. ही व्याख्या परीक्षकाच्या आसनाला फारच जवळून लागू पडते.

स्वतःच्या ज्ञानाविषयीच्या भ्रमाचा आधुनिक अभ्यासही झाला आहे: डेव्हिड डनिंग आणि जस्टिन क्रूगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे दाखवले की चाचणीत सर्वांत मागे राहिलेले लोकच स्वतःच्या कुवतीचा अंदाज सर्वाधिक फुगवून करतात. रामदासांचा रोख मात्र वेगळा, आणि अधिक अडचणीचा, आहे: त्यांचा पढतमूर्ख बहुश्रुत आहे, व्युत्पन्न आहे, ब्रह्मज्ञानही स्वच्छ बोलतो, त्यामुळे ज्ञानाच्या कोणत्याही चाचणीत तो सहज उत्तीर्ण होईल, दोष अभिमानात आहे आणि तो चाचणीत सापडत नाही. समालोचकाला चार पाने चाळूनही अभिप्राय देता येतो, भाषांतरकाराला मात्र ती सवलत नसते, म्हणून एके काळी इतरांच्या ग्रंथांचे दोष दाखवणाऱ्या सप्रे यांना हा समास दासबोधाच्या उरलेल्या १९९ समासांबरोबर ओवीगणिक वाचावा लागला.