झुरळपालन

झुरळपालन : झुरळांच्या रानटी जाती छंद म्हणून काचेच्या टाकीत किंवा डब्यात पाळणे, त्यांची पैदास करणे आणि दुर्मीळ जाती जमवणे. जगात झुरळांच्या साडेचार हजारांवर जाती ज्ञात आहेत. त्यांपैकी माणसाच्या घरात वावरणाऱ्या जेमतेम तीसेक. बाकीच्या रानात पाचोळा आणि कुजके लाकूड खाऊन जगतात. छंदिष्टांना हव्या असतात त्या याच. युरोप-अमेरिकेत हा छंद चांगला रुजला आहे.

नवशिके बहुधा मादागास्करच्या फुसकारणाऱ्या झुरळापासून सुरुवात करतात. या बिनपंखी झुरळाचा आवाज पोटाच्या बाजूच्या श्वासरंध्रांतून जोराने हवा सोडल्यामुळे होतो. ते काचेवर सहज चढते, म्हणून टाकीच्या वरच्या कडेला आतून व्हॅसलिनचा पट्टा ओढतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे गेंडा-झुरळ हे संग्राहकांचे मोठे आकर्षण. ते ३० ग्रॅमच्या पुढे भरते, जमिनीत खोल बीळ करते आणि निलगिरीची वाळकी पाने खाते. मादी काही महिने पिल्लांसोबत बिळात राहते. पैदास फार सावकाश होत असल्याने किंमतही तशीच असते.

सौंदर्यात मात्र दक्षिण भारतातल्या सात ठिपक्यांच्या झुरळाला (थेरिया पेटिव्हेरियाना) तोड नाही. काळ्याभोर अंगावर ठळक पांढरे ठिपके असतात : डाव्या पुढच्या पंखावर चार, उजव्यावर तीन. उजव्या पंखाचा डाव्याखाली झाकला जाणारा भाग नारिंगी असतो. जिथे कोणी पाहत नाही तिथे ठिपका नाही. आम्ल फवारणाऱ्या ठिपकेदार भुंगेऱ्याची ही नक्कल असावी, असे मानतात. ती वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनीअसलाही चकवून गेली म्हणायची, कारण १७५८ साली त्याने या झुरळाची नोंद भुंगेऱ्यांच्या एका प्रजातीत केली. जातिनाम लंडनचा औषधविक्रेता आणि संग्राहक जेम्स पेटिव्हर याच्यावरून आले आहे.

या ठिपकेदार झुरळाची पिल्ले जमिनीत पुरून राहतात. त्यामुळे टाकीत कोकोपीट आणि कुजलेला पाचोळा यांचा जाड थर लागतो. तो ओलसर हवा, चिखल नको. वरून फळांच्या फोडी आणि माशांसाठीचे किंवा कुत्र्यांसाठीचे कोरडे खाद्य देतात. मादी अंड्यांच्या पिशव्या मातीत सोडते. पिल्लू मोठे व्हायला बरेच महिने लागतात, तर प्रौढ त्या मानाने थोडेच जगते. पाळणारा बहुतेक काळ नुसती माती सांभाळत असतो. बुरशी रोखण्यासाठी मातीत स्प्रिंगटेल हे बारीक जीव सोडण्याची पद्धत आहे.

जाणते संग्राहक प्रत्येक वाणाचे मूळ ठिकाण चिठ्ठीवर लिहून ठेवतात आणि जवळच्या जाती एकत्र ठेवत नाहीत, कारण संकर झालेला वाण संग्रहातून बाद ठरतो. झुरळांची विष्ठा व कात यांमुळे काहींना ॲलर्जी आणि दमा होतो, त्यामुळे टाकी साफ करताना तोंडाला फडके बांधणे बरे.

परदेशी कीटक आणण्याबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत. भारतात जैवविविधता अधिनियम, २००२ नुसार परदेशी व्यक्तीला येथील जीव गोळा करण्यासाठी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. २००८ साली दार्जिलिंगजवळच्या सिंगलिला राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात भुंगे गोळा करणाऱ्या दोन चेक नागरिकांना अटक झाली, त्यानंतर हा नियम परदेशी कीटकप्रेमींमध्ये चांगलाच माहीत झाला.