'हॅम्लेट'मधील सुरुंग

आगरकरांनीं 1883 सालीं 'विकारविलसित' या नांवानें 'हॅम्लेट' मराठींत आणलें, तेव्हांपासून त्या नाटकाचा आपल्याकडे पुष्कळ खल झाला आहे. कठीण शब्द कोशानें सुटतो अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. परंतु शब्द सुटला तरी अलंकार अडून बसतो, असा आमचा अनुभव आहे.

तिसऱ्या अंकाच्या अखेरीस राजपुत्र, 'एंजिनर' आपल्याच 'पेटार्ड'नें उडालेला पाहण्यांत मौज मानतो आणि शत्रूच्या सुरुंगांखालीं एक वार अधिक खोल खणण्याची प्रतिज्ञा करतो. आमच्या एका हुशार विद्यार्थ्यानें एकदां एंजिनर म्हणजे पूल बांधणारा इंजिनियर केला, आणि 'होइस्ट' शब्दावरून त्या बिचाऱ्यास निशाणाप्रमाणें काठीवर चढविलें! वास्तविक त्या काळीं एंजिनर म्हणजे युद्धयंत्रें सिद्ध करणारा, पेटार्ड म्हणजे दरवाजास लावून उडवावयाचें दारूचें भांडें, आणि 'होइस्ट' म्हणजे स्फोटानें उडालेला.

वारभर खोलीचें मर्म मात्र आम्ही नगरच्या किल्ल्यावरून सांगतों. 1595 च्या अखेरीस शहाजादा मुराद व खानखानान यांनीं त्यास वेढा घालून तटाखालीं सुरुंग खणले. बातमी आंत पोंचतांच चांदबिबीनें आंतून उलट खोदकाम चालविलें. दोन सुरुंगांतील दारू काढून घेतली. तिसऱ्याचें काम चाललें असतांच तो उडाला व तटास खिंडार पडलें. ती स्वतः तलवार घेऊन तेथें उभी राहिली आणि रातोरात तट बांधवून घेतला. (नाण्यांचे गोळे केल्याची दंतकथा मुलांस याहून अधिक आवडते, तें असो.) 1600 सालीं ती स्वकीयांच्याच हातून मारली गेली, मोगलांचे सुरुंग उडाले आणि किल्ला पडला. 'हॅम्लेट'ही त्याच सुमाराचें. शेक्सपिअरला नगर ठाऊक असण्याचें कारण नाहीं. पण वेढा आणि सुरुंग हे त्याच्या प्रेक्षकांस नेदरलंड्समधील युद्धांमुळें परिचित होते.

हीं वाक्यें 1604-05 च्या प्रतींत आहेत, 1623 च्या प्रतींत नाहींत. तीं गाळलीं कीं निव्वळ विचारांत गुरफटलेला राजपुत्र उरतो. ठेवलीं तर निराळाच मनुष्य दिसतो: बाळपणच्या दोन सोबत्यांस उडविण्याच्या कल्पनेनें हर्षणारा. आणि हें तो बोलतो तेव्हां, पडद्याआड राजाच असावा अशा समजुतीनें त्यानें मारलेल्या पोलोनियसचें प्रेत तेथेंच पडलेलें असतें.